गाय घेण्यापूर्वी : दात, वेत आणि पावती

दुकान किंवा कारागिरीच्या जोडीला दारात एखादी गाय बांधावी, असे बोर्ली पंचतन परिसरातील ज्या बंधूंच्या मनात आहे त्यांच्यासाठी ही माहिती. आपले भांडवल थोडे असते आणि दलाल बोलका असतो. तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी त्याचे शब्द समजून घेतलेले बरे.

व्यालेली ती गाय, न व्यालेली ती कालवड. नर वासरू म्हणजे गोऱ्हा, तो तरणा झाला की खोंड. पैदाशीसाठी राखलेला तो वळू. खच्ची करून कामाला जुंपलेला तो बैल. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही आणि गाभण राहिल्यापासून व्यायला सुमारे नऊ महिने नऊ दिवस लागतात. कालवड स्वस्त का मिळते, ते यावरून कळेल. नराबरोबर जुळी जन्मलेली कालवड मात्र घेऊच नये. अशा दहांपैकी नऊ वांझ निघतात.

वयाचा दाखला तोंडात असतो. गुरांना पुढचे दात फक्त खाली, एकूण ८. वर नुसती कठीण हिरडी असते. त्यामुळे ‘वरचे दात पडलेत’ म्हणून भाव पाडू पाहणाऱ्याचे हसेच होते! दुधाचे दात आहेत तोवर जनावर आदत. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन रुंद दात येतात, तो दुसा. तिसऱ्या वर्षाच्या आसपास चौसा, पुढे सहादाती आणि साडेचार-पाच वर्षांत जुळलेला. शिंगांवरच्या वलयांवर विसंबू नये, शिंगे तासता येतात.

दुभत्या गाईचे वेत कितवे ते विचारावे. तिसऱ्या-चौथ्या वेतात दूध भरपूर असते. धार आपल्यासमोर, लागोपाठ दोन वेळा काढायला लावावी. एक वेळची धार चुकवून कास भरलेली दाखवणे ही जुनी युक्ती आहे.

घाटावरची संकरित गाय दूध जास्त देते, पण आपल्याकडचा दमट उकाडा आणि गोचीड तिला सोसत नाहीत. कोकण कपिला लहानखुरी, दुधाला कमी, पण काटक. २०१८ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. गाय व्याली की वासराला पहिल्या तास-दोन तासांत चीक पाजावा, खरवस नंतर.

आता कागदपत्रे. कानात १२ अंकी बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर राज्यात १ जून २०२४ पासून बंदी घालण्यात आली. गाय व वासराच्या कत्तलीला १९७६ च्या प्राणी रक्षण अधिनियमाने मनाई होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैदेची आहे. त्यामुळे पाळण्यासाठी नेत असलेल्या गाईबद्दलही वाटेत विचारणा होऊ शकते. विकणाऱ्याचे नाव-पत्ता व बिल्ल्याचा क्रमांक लिहिलेली पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला हाती आल्याशिवाय गाय टेम्पोत चढवू नये.