मवाळ म्हणजे दुबळा नव्हे

श्रद्धा-शिक्षण : ख्रिस्ती माणूस आणि राजकारण
घरी वाचावे : 1 राजे 12:1-20



निवडणुका आल्या की आम्हा धर्मगुरूंना एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘फादर, सगळे सारखेच. मत देऊन काय उपयोग?’ हा वैताग अगदीच निराधार नाही. आपल्या राज्यात 2022 साली शिवसेना फुटली, 2023 साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. आपण मत दिलेला उमेदवार उद्या कोणत्या बाकावर बसेल, हे मतदाराला सांगता येईनासे झाले. नेत्यांचे काय, ते आज भांडतात आणि उद्या एका व्यासपीठावर बसतात. आपण मात्र त्यांची भांडणे घरी आणतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तरी पॅनेलच्या नावाने भाऊ भावाच्या घरची पायरी चढत नाही. मिस्सामध्ये शांतिचिन्ह देताना नजर चुकवली जाते. इथे प्रश्न केवळ राजकारणाचा राहत नाही, तो आपल्या श्रद्धेचा होतो.

राजा रहबामाची निवड

पवित्र शास्त्रात या प्रश्नावर एक बोलका प्रसंग आहे. शलमोन राजा मरण पावला आणि त्याचा पुत्र रहबाम गादीवर बसायला शखेम येथे गेला. वेठबिगारीने आणि करांनी पिचलेले लोक त्याच्याकडे आले व आमचे ओझे थोडे हलके करा, आम्ही तुमची सेवा करू, असे म्हणाले. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. शलमोनाच्या पदरी असलेल्या वडीलधाऱ्यांनी त्याला सल्ला दिला, की लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल. बरोबरीने वाढलेल्या सोबत्यांनी सांगितले, की नमू नकोस, बापापेक्षा कडक हो. राजाला सोबत्यांचे बोलणे आवडले. परिणाम काय झाला? दहा वंश वेगळे झाले, वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला लोकांनी दगडमार करून ठार केले आणि राजाला रथात बसून यरुशलेमला पळावे लागले. एका कठोर उत्तराने राज्याचे दोन तुकडे झाले.

लक्षात घ्या, वडीलधाऱ्यांनी राजाला गादी सोडायला सांगितले नव्हते. ऐकून घे, एवढेच सांगितले होते. मवाळपणाचा अर्थ हाच आहे.

मधला मार्ग कोणता?

‘मवाळ’ हा शब्द आज थोडा हिणवण्यासाठीच वापरला जातो. ज्याला कणा नाही तो मवाळ, अशी समजूत आहे. संत थॉमस अक्विनास यांनी अरिस्टॉटलचा आधार घेऊन शिकवले, की नैतिक सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो. भित्रेपणा हे एक टोक, अविचारी धाडस हे दुसरे, आणि मध्ये आहे धैर्य. परंतु हा मध्य फूटपट्टीने मोजलेला नसतो, तो विवेकाने ठरतो. सत्य आणि असत्य यांच्यामध्ये अर्धे सत्य हा काही मध्यममार्ग नव्हे. गरिबाची जमीन कोणी लुबाडत असेल, तर अर्धी घ्या आणि अर्धी सोडा, असे सांगणारा नेता मवाळ नव्हे. तो अन्यायाचा भागीदार होय. मवाळ नेता तत्त्वाला घट्ट धरतो, पण माणसाला शत्रू करत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले यांना आपण मवाळ म्हणतो. याच मवाळाने 1911 साली कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. परंतु शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, हे आज, 2009 च्या कायद्यानंतर, कोण नाकारतो? 1907 साली सुरतेच्या अधिवेशनात मवाळ आणि जहाल यांची फाटाफूट झाली, जोडे आणि खुर्च्या फेकल्या गेल्या. तरीही 1915 साली गोखले वारले, तेव्हा लोकमान्य टिळक स्मशानात उभे राहिले आणि आपल्या विरोधकाचा त्यांनी मुक्तकंठाने गौरव केला. मतभेद होते, पण माणुसकी शाबूत होती.

एका ख्रिस्ती पुढाऱ्याचे उदाहरण

दुसऱ्या महायुद्धानंतर आल्चिदे दे गास्पेरी हे इटलीचे पंतप्रधान झाले. ते श्रद्धावंत कॅथलिक होते आणि मुसोलिनीच्या राजवटीत त्यांनी तुरुंगवास भोगला होता. 1948 च्या निवडणुकीत त्यांच्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाला लोकसभेत स्पष्ट बहुमत मिळाले. एकट्याने राज्य करता आले असते. त्यांनी मात्र लहान पक्षांना सोबत घेतले, कारण देश एका पक्षाच्या मालकीचा नसतो, अशी त्यांची धारणा होती.

खरी कसोटी 1952 साली आली. रोम शहराच्या निवडणुकीत कम्युनिस्ट जिंकतील, या भीतीने काही चर्च-वर्तुळांतूनच दडपण आले, की राजेशाहीवादी आणि जुने फॅसिस्ट यांच्याशी युती करा. दे गास्पेरी यांनी नकार दिला. उजव्या टोकाशी हात न मिळवताही मध्यममार्गी पक्षांनी रोम राखले. त्याच वर्षी पोप बारावे पायस यांनी त्यांना कुटुंबासह खाजगी भेट नाकारली. त्यांनी नम्रपणे उत्तर कळवले, की ख्रिस्ती म्हणून हा अपमान मी सोसतो. पंतप्रधान म्हणून मात्र पदाच्या मानासाठी खुलासा मागणे माझे कर्तव्य आहे. त्यांनी चर्च सोडले नाही आणि विवेकही सोडला नाही. विरोधकाला ‘नाही’ म्हणणे सोपे असते. आपल्याच माणसांना ‘नाही’ म्हणायला धैर्य लागते. मवाळ नेत्याची खूण तिथे पटते.

आपण काय करावे?

अमुक पक्षाला मत द्या, असे आम्ही सांगणार नाही. धर्मगुरूने पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेऊ नये, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 साली शिकवले, की श्रद्धावंतांची मते प्रामाणिकपणे वेगळी असू शकतात आणि कोणीही आपल्या मताला चर्चचा शिक्का लावू नये. परंतु मत देऊच नका, असेही आम्ही सांगणार नाही. समंजस माणसे घरी बसली, की मैदान आरडाओरडा करणाऱ्यांना मोकळे मिळते.

म्हणून उमेदवार पारखताना चार गोष्टी पाहा. तो विरोधकाचे एखादे चांगले काम मान्य करतो का? आपल्या समर्थकांना न रुचणारे सत्य सांगतो का? भाषणात पाणी, रस्ता, दवाखाना यांविषयी जास्त बोलतो, की शत्रूंविषयी? आणि निवडून आल्यावर, ज्यांनी मत दिले नाही त्यांच्यासाठी त्याचे दार उघडे असते का?

प्रभू येशूने बारा जण निवडले. त्यांत रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा मत्तय होता आणि ज्याला ‘जिलोत’, म्हणजे कट्टर देशाभिमानी म्हणत, तो शिमोनही होता. बाहेर ही दोन माणसे एकमेकांचे तोंड पाहती ना. प्रभूने त्यांना एका भोजनास बसवले. आपल्या वेदीभोवती तेच भोजन दर रविवारी मांडले जाते. तिथे पॅनेल नसते.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

1. राजकारणावरून आपल्या घराचे कोणाशी बोलणे तुटले आहे? ते जोडण्यासाठी पहिले पाऊल कोण टाकील?
2. आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाचे एक चांगले काम आपण सांगू शकतो का?
3. आपल्या वाडीतील कोणता समंजस माणूस पुढे यावा असे वाटते? त्याला आपण कधी तसे सांगितले आहे का?