गलबतांच्या देशांचा चित्रपट-महोत्सव

आफ्रिका हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते, हा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो तेव्हा सिंह, घनदाट अरण्य, वाळवंट आणि दुष्काळ ही चार उत्तरे ठरलेली असतात. बाजारातली घासाघीस, थट्टेखोर आजी, परीक्षेला भिणारा मुलगा ही उत्तरे कोणी देत नाही. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आफ्रिकेची जी चित्रे आपण पडद्यावर पाहिली, ती बहुधा परक्यांनी घेतलेली होती. ही उणीव भरून काढण्याचे कार्य काही चित्रपट-महोत्सव करीत आहेत. त्यांपैकी एकाच्या नावातच आपल्या सुरतेचा जुना ऋणानुबंध दडलेला आहे. त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू होय.

झांझिबार हे टांझानिया देशातील बेट, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत आहे. तेथील आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सवाची संस्था १९९७ साली स्थापन झाली आणि १९९८ साली पहिला महोत्सव भरला. या वार्षिक महोत्सवाचे दुसरे नाव ‘ढाऊ देशांचा महोत्सव’ असे आहे. ढाऊ म्हणजे शिडाचे गलबत. ज्या ज्या देशांच्या किनाऱ्यांना ही गलबते लागत, ते सारे ढाऊ देश. त्यांत आफ्रिकेबरोबर अरबस्तान, इराण आणि आपला भारतही येतो.

आता तापीच्या काठी उभे राहून थोडा विचार करू. हिवाळ्यात ईशान्येकडून वारा सुटला की गुजरातची गलबते सुती कापड भरून आफ्रिकेकडे निघत आणि नैर्ऋत्येचा वारा वाहू लागला की त्या वाऱ्यावर परतत. येताना हस्तिदंत येई. पुढे एकोणिसाव्या शतकात झांझिबारची लवंगही येऊ लागली. मालाबरोबर शब्दांनीही प्रवास केला. तेथील स्वाहिली भाषेत दुकानास ‘दुका’, गाडीस ‘गारी’ आणि विम्यास ‘बिमा’ म्हणतात. चपाती तर चपातीच राहिली आहे.

परंतु या गलबतांनी माणसेही विकण्यासाठी वाहिली, हे सत्य झाकता कामा नये. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला. आफ्रिकेतून भारतात आलेल्या लोकांचे वंशज ते सिद्दी. त्यांपैकी कित्येकांचे पूर्वज गुलाम म्हणून आले, तर काही घराणी सत्तेपर्यंत पोहोचली. जंजिऱ्याचे सिद्दी महाराष्ट्रास परिचित आहेतच. त्याच घराण्याच्या एका शाखेस १७९१ साली पेशव्यांशी झालेल्या करारानुसार सुरतेजवळचे सचिन संस्थान मिळाले. ‘आलम आरा’ या १९३१ सालच्या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका झुबेदा हिचा जन्म सुरतेचा. सचिनच्या नवाबांची कन्या अशीच तिची ख्याती होती. आफ्रिका आणि चित्रपट ही दोन्ही आपल्या शहरापासून किती जवळ आहेत, हे यावरून कळून येईल.

मग आफ्रिकेचे स्वतःचे चित्रपट मागे का राहिले? दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहिला, आपली दैवते पडद्यावर केव्हा दिसतील या विचाराने ते झपाटले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत मात्र १९३४ च्या हुकुमाने सरकारी परवानगीवाचून चित्रण करण्यास मनाई झाली. सेनेगलचे उस्मान सेम्बेन हे मार्सेय बंदरात हमाली केलेले कादंबरीकार. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पोहोचावे म्हणून ते चित्रपटाकडे वळले. त्यांचा ‘बोरोम सारेट’ हा लघुपट १९६३ साली निघाला. डाकार शहरातील एका गरीब गाडीवानाचा एक दिवस, एवढीच त्याची कथा. संध्याकाळी त्याची गाडी जप्त होते आणि तो रिकाम्या हातांनी घरी येतो. त्यात सिंह नाही, अरण्य नाही. पोट भरण्यासाठी झटणारा माणूस आहे. फाळके आणि सेम्बेन यांच्यामधील पन्नास वर्षांचे अंतर बुद्धीचे नव्हते, पारतंत्र्याचे होते.

स्वातंत्र्यानंतरही अडचण संपली नाही, कारण चित्रपट तयार झाला तरी तो दाखवायचा कोठे? चित्रपटगृहांत परदेशी चित्रपटांचाच बोलबाला होता. म्हणून १९६६ साली ट्युनिशियात कार्थेजचा आणि १९६९ साली आज बुर्किना फासो म्हणतात त्या देशात वागाडुगुचा महोत्सव सुरू झाला. झांझिबारचा महोत्सव हा त्यांचा धाकटा भाऊ. तेथील जुन्या अरबी किल्ल्यात उघड्या आकाशाखाली चित्रपट दाखवितात, उत्तम चित्रपटास ‘सुवर्ण ढाऊ’ हे पारितोषिक देतात आणि खेड्यांतही खेळ नेतात.

स्वभाषा पडद्यावरून ऐकण्याचे मोल आम्हां कोकणी बोलणाऱ्यांस चांगले ठाऊक आहे. ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोकणी चित्रपट १९५० साली आला. आपले बोलणे घरापुरते नाही, हे त्या दिवशी कित्येकांना प्रथम उमगले असेल. स्वाहिली भाषेतील चित्रपट पाहणाऱ्या झांझिबारच्या मुलालाही तेच वाटत असेल.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. झांझिबारमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रपटगृहे उभारणाऱ्यांत जरीवाला नावाचे एक गृहस्थ होते. हे आडनाव ऐकताच सुरतेच्या जरीची आठवण व्हावी. पुढे ‘आवारा’सारखे आमचे चित्रपट तेथे अतिशय लोकप्रिय झाले. त्यांनी आमची सुखदुःखे आवडीने पाहिली. त्यांची सुखदुःखे आम्ही किती पाहिली? गलबत जाताना भरलेले असावे आणि येताना रिकामे यावे, हा व्यापार नव्हे आणि मैत्री तर नव्हेच.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आज घरोघरी पडदा आला असताना वर्षातून एक तरी आफ्रिकी चित्रपट वडीलधाऱ्यांसमवेत पाहा. भाषा कळणार नाही, पण माणूस कळेल.

स्वाध्याय
१. नकाशात सुरत व झांझिबार दाखवून हिवाळ्यातील वाऱ्याची दिशा बाणाने रेखाटा.
२. आपल्या गल्लीवर परक्या माणसाने चित्रपट काढला, तर त्यातून कोणत्या गोष्टी सुटतील? दहा ओळी लिहा.
३. घरातील बोलीत असे कोणते शब्द आहेत की जे समुद्रापलीकडून आले? आजीआजोबांना विचारून यादी करा.