ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर कोपीतील व नावेतील दिवा

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठच्या शिवारांतून तोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. तेथे विजेची जोडणी क्वचितच असते. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा व बामणोली या भागांत लाँच चालतात, काठावर प्रवाशांचे तंबूही पडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या महापुरांत नदीकाठच्या अनेक गावांची वीज बंद पडली होती. अशा सर्व ठिकाणी, ट्रॅक्टर सुरू करण्यास असमर्थ ठरलेली बॅटरी दिव्यापुरती उपयोगी पडू शकते. मात्र ती आधी पारखून घेतली पाहिजे.

इंजिन सुरू करताना स्टार्टरला काही क्षण शेकडो ॲम्पियर प्रवाह लागतो. वापराने पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसला की एवढा प्रवाह बॅटरी देऊ शकत नाही. पण ५ वॅटच्या एलईडी दिव्यास अर्धा ॲम्पियरही लागत नाही. तेवढा प्रवाह ती कित्येक तास देऊ शकते. तथापि ट्रॅक्टरच्या बॅटरीतील पट्ट्या पातळ असतात. ती वारंवार पूर्ण रिकामी केल्यास लवकरच निकामी होते. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीतील पट्ट्या जाड असल्याने मिळाल्यास तीच अधिक बरी.

पारख करण्यासाठी बॅटरी प्रथम पूर्ण चार्ज करावी व तारा काढून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी व्होल्टमीटरवर १२.६ च्या आसपास आकडा आल्यास उत्तम, १२.४ असल्यास चालेल. विसाव्यानंतरही १२ च्या खाली उतरलेली बॅटरी घेऊ नये. आकडा १०.५ च्या जवळ आला, तर सहांपैकी एक कप्पा मेला आहे असे समजावे. अशी बॅटरी चार्ज करीत राहिल्यास उरलेले कप्पे तापतात व वायू सुटतो. झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा तपासावा. चांगल्या कप्प्यात घनता १.२६५ ते १.२८० भरते, दोन कप्प्यांत ०.०५० पेक्षा अधिक फरक असल्यास बॅटरी नाकारावी. पाणी कमी असेल तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड कधीही घालू नये.

यानंतर खरी परीक्षा. सुमारे ५ ॲम्पियर घेणारा हेडलाइटचा जुना बल्ब जोडावा व दिवा चालू असता व्होल्टमीटर ११.५ वर येईपर्यंतचे तास मोजावेत. बल्ब ४ तास चालला तर २० ॲम्पियर-तास हाती आहेत. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे रोज पाच तास लावल्यास सुमारे ४ ॲम्पियर-तास खर्च होतात. हिशेबाने पाच रात्री निघतात, परंतु चारच धराव्यात. जुन्या बॅटरीच्या हिशेबात हात आखडता असलेला बरा. बल्ब तासभरही न टिकल्यास ती बॅटरी दुकानदारास परत देऊन नव्या बॅटरीच्या किमतीत सूट घेणे शहाणपणाचे. चार्जिंगसाठी ४० वॅटचे सौर पॅनेल, त्यासोबत चार्ज कंट्रोलर असल्यास, स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ८ ते १० ॲम्पियर-तास भरून देते. जुनी व नवी बॅटरी एकत्र जोडू नये.

जोडणी करताना धन टोकापासून अगदी जवळ ५ ॲम्पियरचा फ्यूज बसवावा. दोन्ही टोकांवर पाना पडला तर ठिणगी उडते व हात भाजतो, म्हणून टोके रबरी टोपणाने झाकावीत. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे बॅटरी कोपीबाहेर, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, चूल व बिडी यांपासून दूर ठेवून चार्ज करावी. ॲसिड डोळ्यांत गेल्यास निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी व रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

नावेवर आणखी दक्षता हवी. अशा बॅटरीचे वजन २० किलोंहून अधिक असू शकते. ते प्रवाशांच्या भारात मोजलेच पाहिजे. बॅटरी हवा खेळती राहील अशा पेटीत, नावेच्या मध्यभागी तळाशी पट्ट्याने घट्ट बांधावी आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर ठेवावी. लाँचचे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर दिवे लावू नयेत, कारण मध्यप्रवाहात इंजिन बंद पडल्यास ते पुन्हा सुरू होणार नाही. पुराच्या रात्री जुन्या बॅटरीच्या एकाच दिव्यावर नाव सोडू नये. नावाड्याजवळ हातातील विजेरी असलीच पाहिजे.

निकामी बॅटरी फोडून शिसे काढणे व ते चुलीवर वितळवून मासेमारीच्या जाळ्यासाठी गोळ्या ओतणे हे अत्यंत घातक होय. शिशाचा धूर व धूळ लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करते. बॅटरीतील ॲसिड ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन वा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे सोपवावयाची असते. हंगाम संपून तळ हलण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोप्यांतून फिरून अशा बॅटऱ्या एकत्र कराव्यात व त्या जवळच्या अधिकृत विक्रेत्याकडे पोचविण्याची व्यवस्था करावी.