मामांच्या चाकूची क्लिप

लेक्चर चालू असताना शर्टच्या खिशाचं पेन जरा काढून बघा. त्याची क्लिप एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. म्हणजे सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण ज्याच्या आकृत्या जर्नलमध्ये एकमेकांच्या बघून उतरवल्या, तोच हा कँटिलिव्हर बीम. या लेखात मी अशाच एका बीमबद्दल लिहिणार आहे, फक्त तो पेनाचा नाही, घडीच्या चाकूचा आहे.

माझे मामा बिद्रीला असतात. (बिद्री म्हटलं की माझ्या होस्टेलच्या मैत्रिणींना बीदरची चांदीची नक्षी आठवते. तिचा इथे काही संबंध नाही. ही बिद्री कागल तालुक्यातली, दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याची.) ऊस तोडायला कोयता असतो, पण खताचं पोतं उघडणं, सुतळी तोडणं, ठिबकची नळी कापणं अशा दिवसभराच्या बारीक कामांना मामांकडे एक घडीचा चाकू आहे. लाकडी मुठीचा, जुना, वजनाला साधारण नव्वद ग्रॅम. पूर्वीची माणसं असा चाकू पान-तंबाखूच्या चंचीत ठेवायची, नाहीतर दोरीनं करगोट्याला बांधायची. मामा चंची वापरत नाहीत. चाकू शर्टच्या नाहीतर विजारीच्या खिशात असतो, आणि माणूस वाकला की तो खाली पडतो. उसात पडला तर सापडत नाही, हे एक वेळ परवडलं. पण एकदा तो वैरणीच्या पेंढीत गेला आणि कडबाकुट्टीच्या तोंडाशी मामींना दिसला. तो आत गेला असता तर पात्याचे तुकडे उडाले असते, आणि लोखंडाचा तुकडा वैरणीतून म्हशीच्या पोटात गेला तर ती वाचेलच असं सांगता येत नाही. जनावर चारा न चावता गिळतं, तुकडा पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतो आणि तिथून तो हृदयाच्या पिशवीपर्यंत रुतू शकतो.

म्हणून क्लिप. घडीच्या चाकूला खिशाची क्लिप लावायची पद्धत रुळली ती अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीच्या १९८१ च्या 'वर्कर' या चाकूपासून. आता तयार क्लिपा मिळतात, पण त्या त्या-त्या मॉडेलच्या भोकांनाच बसतात आणि बहुतेक उजव्या हाताच्या असतात. आमचे मामा डावखुरे. त्यामुळे हातानंच करायची ठरली.

आधी कागदावर. मोकळी लांबी ४० मिमी, रुंदी ८ मिमी, जाडी १ मिमी आणि स्टीलचा इलॅस्टिक मॉड्युलस २०० गिगापास्कल धरा. बीमचा कडकपणा म्हणजे मॉड्युलस गुणिले रुंदी गुणिले जाडीचा घन, भागिले लांबीच्या घनाची चौपट. उत्तर येतं ६.२५ न्यूटन प्रति मिमी. आता जाडीचा घन आहे हे नीट बघा. जाडी १ ची दीड केली की कडकपणा ६.२५ वरून २१ होतो. अशी क्लिप खिशात घालताना कापड फाटेल आणि काढताना मामांची बोटं सोलतील. उलट ०.८ केली तर तो निम्म्याच्या जवळ, ३.२ वर येतो. कानशीनं पाव मिलिमीटर इकडे-तिकडे झालं की क्लिपचा स्वभावच बदलतो. रुंदीचं तसं नाही, ती सरळ प्रमाणात आहे. म्हणून हातानं काम करणाऱ्यानं जाडी विकत घ्यावी आणि रुंदी स्वतः घासावी.

पुढचा प्रश्न कापडाचा, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. क्लिप चाकूसाठी असते असं वाटतं, पण तिचं डिझाइन कापडावरून करावं लागतं. जीन्सच्या खिशाची शिवलेली कड साधारण २ मिमी भरते. क्लिपचं टोक मुठीला नुसतं टेकलेलं असेल तर ही कड आत गेल्यावर ते २ मिमी उचलतं, म्हणजे १२.५ न्यूटन दाब. कापड दोन्ही बाजूंनी घासतं, घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर चाकू ओढून काढायला साडेसात न्यूटन, म्हणजे पाऊण किलोचा ओढ लागेल. नव्वद ग्रॅमच्या चाकूला भरपूर झालं. पण मामांच्या विजारीची कड मी व्हर्नियरनं मोजली, ती ०.६ मिमी भरली. तिथे हीच क्लिप फक्त पावणेचार न्यूटन दाबते आणि सव्वादोनशे ग्रॅमच्या ओढीला सुटते. बांधावरून उडी मारली की संपलं.

त्यावर उपाय जाडी वाढवणं हा नाही. क्लिप वाकवतानाच तिचं टोक मुठीच्या पातळीच्या दीड मिलिमीटर खाली जाईल असं वाकवायचं. मग ती बसवल्यावर रिकामी असतानाच दाबून राहते. यालाच प्रीलोड म्हणतात. विजारीत आता एकूण २.१ मिमी उचल मिळते, १३ न्यूटन दाब येतो आणि चाकू आठशे ग्रॅमच्या आसपास धरून राहतो. जीन्समध्ये तीच क्लिप ३.५ मिमी उचलली जाते, दाब २२ न्यूटन. घट्ट, पण चालण्यासारखी.

आता हा बीम हे सहन करेल का? मुळाशी येणारा ताण म्हणजे तीन गुणिले मॉड्युलस गुणिले जाडी गुणिले उचल, भागिले लांबीच्या वर्गाची दुप्पट. २.१ मिमीला ३९४ मेगापास्कल, ३.५ मिमीला ६५६. बाजारात सहज मिळणारा एसएस ३०४ चा मऊ पत्रा दोनशेच्या थोडं वरच कायमचा वाकतो. चकचकीत दिसतो म्हणून त्याची क्लिप केली तर ती पहिल्याच दिवशी तोंड उघडून बसेल. टायटॅनियमची मिश्रधातू उत्तम, मॉड्युलस ११४ असल्यामुळे लवते छान आणि वाकून राहत नाही, पण आमच्या मेस बिलाकडे बघता तो विषय तिथेच थांबला. राहिलं स्प्रिंग स्टील. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ०.७५ टक्के कार्बनची, १ मिमी जाडीची मऊ पट्टी मिळाली.

होस्टेलवर चाकू ठेवायला परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. (शस्त्र कायद्याच्या २०१६ च्या नियमांत धारदार शस्त्र म्हणून नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण रेक्टर सरांना कलमं वाचून दाखवण्यात अर्थ नाही.) म्हणून सुट्टीत मामांच्या चाकूची मापं घेतली आणि कारपेंट्री शॉपमध्ये तेवढाच लाकडी ठोकळा केला. सगळं काम त्या ठोकळ्यावर. आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग पत्र्याचा, मग खरी पट्टी. हॅकसॉनं कापणं, कानस, दोन भोकं आणि मग वाईसमध्ये वाकवणं, हा क्रम महत्त्वाचा. कडक झालेल्या पट्टीला साध्या ड्रिलनं भोक पडत नाही. वाकवताना आतली त्रिज्या जाडीच्या दुपटीपेक्षा कमी नको, कोपरा तीक्ष्ण राहिला की पुढे तिथूनच तडा जातो. भोकंसुद्धा वाकापासून लांब हवीत, कारण सगळ्यात जास्त ताण वाकाशीच. टोक वीस-पंचवीस अंशांनी बाहेर उचललं की खिशाची कड स्वतःहून आत शिरते. आणि सगळ्या कडा एमरी पेपरनं गोल करा. दिवसभर मूठ आवळणाऱ्या तळहाताला क्लिपची एक कड रुतली तरी मामा ती पक्कडीनं उपटून टाकतील.

पट्टीला कडकपणा आणायचं काम बिद्रीजवळच्या एका लोहाराकडे झालं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, हार्डनिंगला मराठीत 'पाणी देणं' म्हणतात हे मला तिथे कळलं. मी ट्रकच्या पाट्यापासून कोयता करणाऱ्या माणसाला आयर्न-कार्बन डायग्राम सांगायला निघाले होते. ते म्हणाले, "पोरी, लोहचुंबक आणलायस न्हवं? मग तेवढं बास." चुंबक चिकटायचा थांबतो तो साधारण ७७० अंशांना, त्याच्या थोडं वर नेऊन पट्टी कोमट शेंगतेलात बुडवली. "पाणी का नको?" मी विचारलं. "पातळ हाय, पाण्यात चिरंल." हे पुस्तकातही आहे, पण एवढ्या थोडक्यात नाही.

बाहेर काढल्यावर कानस तिच्यावरून घसरली, म्हणजे पट्टी काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ झाली होती. मग टेम्परिंग. पट्टी घासून पांढरी केली आणि तव्यावरच्या तापल्या वाळूवर ठेवली. आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. धारेच्या अवजाराला पिवळ्यावर थांबतात, स्प्रिंगला निळ्यावर. हे रंग म्हणजे ऑक्साइडचे पातळ थर, पण थर्मामीटर नसलेल्या भट्टीत यापेक्षा चांगलं मोजमाप नाही. निळ्यावर थांबलेली पट्टी हजार मेगापास्कलच्या वर ताण घेते. वर्कशॉपमध्ये मी तिला पाचशे वेळा ४ मिमी उचललं (ताण ७५०). व्हर्नियरमध्ये फरक दिसला नाही.

बसवताना दोन गोष्टी. पहिली स्क्रूची. टोकाशी १३ न्यूटन आहेत म्हणून स्क्रूवरही तेवढेच असतील असं समजू नका. दोन स्क्रूंमध्ये ६ मिमी अंतर आहे, त्यामुळे तरफेच्या हिशोबानं वाकाजवळच्या स्क्रूवर १०० न्यूटन ओढ येते. नुसत्या लाकडात तो महिन्याभरात सैल होईल. लाकडाखालच्या १.२ मिमी स्टीलच्या पट्टीत एम-२ चा आटा पाडला, ०.४ पिचनं तीन आटे मिळतात, तेवढे पुरतात. पण स्क्रूचं टोक आतल्या बाजूला केसभरही बाहेर आलं तर मिटताना पात्याला घासतं, ते घासून सपाट करायला हवं.

दुसरी गोष्ट क्लिप कुठल्या टोकाला लावायची. मामांच्या चाकूला लॉक नाही, पाठीची स्प्रिंगच पातं मिटलेलं धरते आणि ती आता जुनी झाली आहे. क्लिप मुठीच्या मागच्या टोकाला लावली तर खिशात पात्याचं टोक वर येतं, आणि पातं जरा उघडलं तर खिशात घातलेलं बोट थेट त्यावर. म्हणून क्लिप खिळीच्या बाजूला लावली. आता हाताला आधी खिळीचं टोक लागतं, पात्याचं टोक खिशाच्या तळाशी राहतं. नव्या, चांगल्या लॉकच्या चाकूला लोक उलटही लावतात, त्यावर माझा आक्षेप नाही.

गेल्या गळीत हंगामात क्लिप रोज वापरात होती. चाकू पडला नाही. कार्बन स्टील असल्यामुळे घामानं आणि उसाच्या रसानं गंज मात्र धरते, आठवड्याला तेलाचा बोळा फिरवावा लागतो आणि मामा तो फिरवत नाहीत, मामी फिरवतात. पुढची क्लिप एसएस ३०१ च्या फुल हार्ड पट्टीची करायची आहे. ती थंड रोलिंगनंच कडक केलेली असते, पाणी द्यावं लागत नाही आणि गंजतही सहसा नाही, पण वाकवताना त्रिज्या मोठी ठेवावी लागेल आणि ड्रिल कोबाल्टचं लागेल. कोणाला बरोबर करायची असेल तर सबमिशन झाल्यावर मशीन शॉपमध्ये भेटा. लाकडी चाकू माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.