पाणी नितळ, पण गाळाचे काय?

मंडळी, नदी स्वच्छ झाली म्हणजे नेमके काय झाले? आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. पाणी नितळ दिसले, वास गेला, की काम फत्ते, असेच आम्हाला वाटायचे. पण खरा हिशोब असतो तळाच्या गाळात.

कॅडमियम, शिसे, पारा असे जड धातू सांडपाण्यातून नदीत आले, की त्यातले बरेचसे बारीक मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. इतर बरीचशी घाण काळाने कुजून जाते, धातू कुजत नाही. पाण्याचा नमुना फक्त आजचे सांगतो. गाळ म्हणजे नदीची लॉग फाइलच, थरावर थर जुन्या नोंदी!

उदाहरण इथलेच, अमेरिकेतले. न्यूयॉर्कपासून सुमारे ८० किलोमीटरवर हडसनकाठी कोल्ड स्प्रिंग गाव आहे. तिथल्या बॅटरी कारखान्याने १९५०च्या दशकापासून निकेल-कॅडमियमचे सांडपाणी फाउंड्री कोव्ह या छोट्या खाडीत सोडले. १९७९ साली कारखाना बंद पडला, पण कॅडमियम तिथेच राहिले. खेकड्यांच्या अंगात ते सापडले. गाळ खाऊन जगणाऱ्या कृमींमध्ये तर पिढ्यांमागून पिढ्या हे विष पचवण्याची ताकद आली. अखेर १९९३ ते १९९५ मध्ये गाळ उपसला, त्यातले धातू बांधून टाकले आणि तो रेल्वेने दूर नेऊन पुरला. गंमत बघा, त्यानंतर काही पिढ्यांतच कृमींची ती ताकद ओसरली. तळ सुधारल्याची याहून चांगली पावती कोणती?

मात्र उपसा जपून करावा लागतो. गाळ ढवळला तर धातू पुन्हा पाण्यात येऊ शकतात, आणि काठावर टाकला तर पावसाने परत नदीत. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मिठी नदीतला गाळ काढण्यावर मोठा भर आला. पूर टाळायला ते हवेच. पण ज्या नदीने वर्षानुवर्षे कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेतले, तिचा गाळ म्हणजे नुसती माती नव्हे.

आपल्यापैकी बरेच जण गावाकडच्या नदीसाठी, तलावासाठी पैसे पाठवतात. जरूर पाठवा. फक्त आधी तीन प्रश्न विचारा: गाळ तपासला का? काढलेला गाळ जाणार कुठे? आणि वरून येणारे सांडपाणी थांबले का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर आधी तिथे पैसा लावा. नाहीतर नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार!