‘मूळ’ नाही म्हणून ‘मूळ’? : बहुपदीच्या अवयवांसंबंधी एक टिपण

पानिपतात हिंदी माध्यमातून शिकणारा विद्यार्थी बहुपदाचे ‘गुणनखंड’ करतो. महाराष्ट्रातील विद्यार्थी बहुपदीचे ‘अवयव’ पाडतो. क्रिया एकच. परंतु ७ वा ११ यांसारख्या संख्येस हिंदीत ‘अभाज्य’ म्हणतात, मराठीत ‘मूळ’. आणि समीकरणाच्या उकलीसही मराठीत ‘मूळ’ हाच शब्द रूढ आहे. हिंदीत ‘अभाज्य’ आणि ‘मूल’ हे शब्द भिन्न असल्यामुळे जो घोटाळा संभवत नाही, तो मराठीत संभवतो. प्रस्तुत टिपणाचा विषय तोच आहे.

प्रथम गट पाडण्याची रीत पाहू. क्ष³ + ३क्ष² + २क्ष + ६ यातील चारही पदांना सामाईक असा अवयव नाही. पहिल्या दोन पदांतून क्ष² व उरलेल्या दोहोंतून २ बाहेर काढल्यास

क्ष²(क्ष + ३) + २(क्ष + ३) = (क्ष + ३)(क्ष² + २)

असे रूप मिळते. दोन्ही गटांत एकच कंस उरणे, हे या रीतीचे मर्म होय.

आता ६ च्या जागी ५ घेऊ. गट जमत नाहीत. परंतु एवढ्यावरून बहुपदी अविभाज्य ठरत नाही; आपली रीत अपुरी पडली, इतकेच ठरते. परिमेय सहगुणकांच्या तृतीय घाताच्या बहुपदीचे अवयव पडत असतील, तर त्यांपैकी एक पहिल्या घाताचा असलाच पाहिजे. म्हणजेच तिला परिमेय मूळ असले पाहिजे. येथे क्ष³ चा सहगुणक १ असल्याने ते मूळ ५ चा विभाजकच असेल. १, −१, ५, −५ या संख्या घातल्या असता किमती अनुक्रमे ११, ५, २१५, −५५ येतात. एकही शून्य नाही. सबब ही बहुपदी परिमेय संख्यांच्या संदर्भात अविभाज्य आहे.

येथे ‘मूळ नाही, म्हणून मूळ’ असा नियम करण्याचा मोह होतो. दुसऱ्या व तिसऱ्या घातापर्यंत तो खराही आहे. चौथ्या घातापाशी मात्र तो फसतो. क्ष⁴ + ४ ला वास्तव मूळ नाही, कारण क्ष⁴ कधीच ऋण नसतो. तथापि ४क्ष² मिळवून वजा केल्यास

(क्ष² + २)² − (२क्ष)² = (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

असे अवयव पडतात.

शिवाय अविभाज्यता संदर्भसापेक्ष असते. क्ष² − २ परिमेय संख्यांत अविभाज्य आहे. वास्तव संख्यांत तिचे (क्ष − √२)(क्ष + √२) असे अवयव होतात.

म्हणून संख्येपुरता ‘मूळ’ हा शब्द राहू द्यावा. बहुपदीस मात्र ‘अविभाज्य’ म्हणावे, आणि कोणत्या संख्यांत, हे प्रत्येक वेळी सांगावे. पानिपतातील विद्यार्थ्यास भाषेनेच दिलेला हा भेद मराठी विद्यार्थ्यास शिक्षकाने करून द्यावयास हवा.