डेक्कन जिमखान्याचा मान

आपल्या भागातून उच्च शिक्षणासाठी पुण्यास गेलेले विद्यार्थी सुट्टीत घरी आले म्हणजे ‘डेक्कन’ हे नाव त्यांच्या तोंडी वारंवार येते. ते एखाद्या वस्तीचे अथवा बसथांब्याचे नाव असावे, अशीच पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते एका क्रीडासंस्थेचे नाव आहे आणि त्या संस्थेवरूनच भोवतालच्या वस्तीस ते प्राप्त झाले. या संस्थेचा पूर्ववृत्तान्त प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असावा, म्हणून तो येथे थोडक्यात देत आहे.

डेक्कन जिमखान्याची स्थापना 1906 साली पुण्यात झाली. बंडोपंत भाजेकर हे तिचे पहिले चिटणीस होत. त्या काळी साहेबलोकांचे जिमखाने बहुधा एतद्देशीयांस बंद असत. आपल्या मुलांस खेळावयास स्वतःचे मैदान असावे, हा संस्थेचा हेतू होता. परंतु नुसते मैदान मिळून भागत नाही. खेळास नियमही लागतात. आपला खो-खो गावोगाव निरनिराळ्या रीतीने खेळला जात असे. त्याचे नियम ठरविण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न 1914 साली याच संस्थेच्या पुढाकाराने झाला. आज आपण शाळेच्या पटांगणात ‘खो’ देतो, त्यामागे हे श्रम आहेत.

पुढे सर दोराबजी टाटा संस्थेचे अध्यक्ष झाले. 1919 च्या सुमारास तेथील शर्यतींत त्यांनी खेड्यापाड्यांतील शेतकरी तरुणांस अनवाणी धावताना पाहिले. त्या तरुणांस कोणी शिक्षक नव्हता व शर्यतीचे रीतिरिवाजही नीटसे ठाऊक नव्हते. तथापि त्यांनी घेतलेला वेळ युरोपातील नामांकित धावपटूंच्या वेळेशी ताडून पाहता फारसा कमी पडत नव्हता. त्या प्रसंगी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड हेही उपस्थित होते. त्यांच्या साहाय्याने हिंदुस्थानास ऑलिंपिक सामन्यांत भाग घेण्याची परवानगी मिळाली. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला.

त्या वेळी या विषयातील आपले ज्ञान किती तोकडे होते, याची एक गोष्ट सांगतात. शंभर मीटर धावण्यास किती वेळ लागावा, असे एका सभासदास विचारले असता त्याने ‘एखाद-दोन मिनिटे’ असे उत्तर दिले. येथे हिशेब सेकंदांचा व त्यांच्या अंशांचा असतो, हे ऐकून तो थक्क झाला!

अशा स्थितीत 1920 साली बेल्जममधील अँटवर्प शहरी सहा जण गेले. फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी व बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे चार धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल. हाच हिंदुस्थानचा पहिला ऑलिंपिक संघ होय. त्या वर्षीची मॅरेथॉन शर्यत 42 किलोमीटर 750 मीटरांची, म्हणजे नेहमीहून लांब होती. तीत बेळगावचे चौगुले एकोणिसावे आले. शिंदे यांनी कुस्तीत चौथा क्रमांक मिळविला. मातीच्या आखाड्यात वाढलेल्या गड्याचे कांस्यपदक एका कुस्तीने हुकले.

पदक एकही मिळाले नाही. तेव्हा हा प्रयत्न व्यर्थ गेला काय? पुढील घडामोडी पाहा. 1927 साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. शिंदे यांच्या हातून निसटलेले कुस्तीचे कांस्यपदक 1952 साली हेलसिंकी येथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी जिंकले. आणि खो-खोचा पहिला जागतिक चषक 2025 साली दिल्लीस झाला, तेव्हा भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी ठरले. या विजयांचे श्रेय ज्याचे त्यास आहेच. पण या सर्वांच्या आधी कोणीतरी वाट पाडली होती, हे विसरू नये.

आता पालकांस दोन शब्द. दत्तजयंतीस आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घेणारा घोड्याचे दात पाहतो, पाय चाचपतो, चाल पाहतो व मगच मोल करतो. जनावराची इतकी पारख करणारे आपण, आपला मुलगा किंवा मुलगी किती वेगाने धावते हे कधी घड्याळ लावून पाहतो काय? पुण्याच्या त्या मैदानावर धावलेल्या शेतकऱ्यांच्या पायांत बळ आधीपासूनच होते. ते मोजणारा व त्यास पुढे जाण्याची संधी देणारा तेवढा मिळावयाचा होता. डेक्कन जिमखान्याने ते काम केले, हाच त्याचा मोठा मान होय.

मुलांनो, या वर्षी एक करा. शंभर मीटर अंतर टेपाने मोजून आखा, आपला वेळ वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि पुढील यात्रेपर्यंत तो एका सेकंदाने कमी करण्याचा यत्न करा. बक्षीस कोणास मिळेल ते मिळो. वहीतील तो आकडा मात्र तुमचा स्वतःचा असेल.